कमळ देणारी

सिनेमा हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. भाकरी करपली की "लक्ष कुठंय, सिनेमात?" धुणंवाली उशिरा आली की "सिनेमा बघून आलीस वाटतं?" मी नातेपुत्याहून लग्न होऊन सोलापुरात नवी पेठेत आले, त्याच आठवड्यात मला हे कळून चुकलं. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही, आणि आमच्या सगळ्यांच्या वर सासूबाई. माहेरी तंबूतला सिनेमा आला की आम्ही पोरी पोतं अंथरून पडद्याच्या पार नाकापुढं बसायचो. आणि इथं, चालत जाण्याच्या अंतरावर एवढी थेटरं, तर मी नुसती पोस्टरं बघत भाजी आणायची. मनातल्या मनात लई चडफडायचे मी.

सासूबाई तशा वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटायचं हे सासू-सुनेचं रडगाणं आहे. हाताला चव आणि जिभेला धार, दोन्ही देवानं सढळ दिलेलं. पेठेत कुणाची सोयरीक जुळायची असली की "घराणं कसं आहे हो?" हे विचारायला लोक त्यांच्याकडे यायचे. त्यांनी मान हलवली की साखरपुडा, नाक मुरडलं की संपलं. एकदा कुणा व्यापाऱ्यानं दिलेलं कॅलेंडर सासऱ्यांनी दुकानात टांगलं. त्यावर एक नटी उभी होती. बिचारीचा पदर चांगला अंगभर होता, तरी सासूबाई तरातरा जिना उतरल्या, कॅलेंडर काढलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरलं, नटीचं तोंड खाली करून. सासरे पुन्हा कापड मोजायला लागले. गिऱ्हाइकाशी आणि बायकोशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा धंद्याचा नियम होता.

सत्तरच्या दशकातली शेवटशेवटची वर्षं. संक्रांत जवळ आली होती, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जत्रा, गड्डा म्हणतात तिला, भरायच्या बेतात होती, आणि त्या वेळी थेटरात एक हिंदी सिनेमा लागला. मूकपटाच्या काळातल्या नटनट्यांची गोष्ट. एक मोठी नटी, एक मोठा नट, एक स्टुडिओचा मालक, आणि या तिघांची लफडी. पोस्टरवर जुनी उघडी मोटार, तिच्यात नटी पदर उडवत बसलेली, आणि मागं तोंडावर हात ठेवलेली माणसं. पेठेत दुसरा विषय नव्हता. नळावर तेच, दळणाच्या रांगेत तेच. जणू ती नटी आमच्याच बोळातून पळून गेली होती.

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. अक्कलकोटकडच्या, निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणाऱ्या. प्रत्येक सिनेमा पहिल्या आठवड्यात बघायचा हे त्यांचं व्रत. गंमत अशी की सिनेमाला उठता-बसता शिव्या देणाऱ्या आमच्या सासूबाई आजींकडून प्रत्येक सिनेमाची गोष्ट मात्र शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. अधूनमधून "शी!", "काय मेली थेरं!" असं म्हणायच्या, आणि आजी जरा थांबल्या की "बरं, मग?" हेही म्हणायच्या.

त्या दुपारी आम्ही चटणीसाठी शेंगदाणे कुटत होतो. आजी उंबऱ्यात बसून सांगत होत्या. "आणि काय सांगू, सुरवातीला नावं येतात की, तवा खऱ्याखुऱ्या जुन्या फिल्मा दाखवत्यात बघ. ह्यांनी केलेल्या न्हाईत, त्याच काळच्या. आवाज न्हाई काय न्हाई. टांगं पळत्यात. एक राजा तलवार उपसतोय. एक राणी तळ्याकाठी बसलीया, तिच्या सख्या हायेत, आणि एकजण येऊन तिला कमळ देती. अशी भुरूभुरू चालत्यात सगळी, अय्य, मला हसू आवरंना!"

सासूबाईंच्या हातातलं मुसळ वरच्या वर थांबलं.

"कमळ देते?" त्यांनी विचारलं.

"व्हय की. का गं?"

"काही नाही. मग?" म्हणून त्यांनी पुन्हा कुटायला सुरुवात केली. पण एवढ्या जोरात, की त्या दिवशीची चटणी पिठासारखी झाली.

आजी गेल्या तशी सासूबाईंनी दाराला कडी घातली. मी घाबरले. मला वाटलं, माझ्या ट्रंकेत दडवलेलं सिनेमाचं मासिक सापडलं. त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही दोघी बहिणी."

मी म्हटलं, "कोण दोघी?" कारण सासूबाईंना सगळे भाऊच, बहीण नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. सासऱ्यांनासुद्धा.

मग त्यांनी सांगितलं. होटगीजवळच्या खेड्यातलं त्यांचं माहेर. थोरल्या बहिणीला त्या अक्का म्हणायच्या. अक्काचं लग्न ठरलं होतं. एका सकाळी ती पाण्याला म्हणून गेली, होटगीच्या स्टेशनात गाडीत बसली, आणि कोल्हापूरला जाऊन सिनेमाच्या कंपनीत दाखल झाली. घरी कळलं तेव्हा वडलांनी घरातल्या सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि तिच्या नावानं आंघोळ करायला लावली. माणूस गेल्यावर करतात तशी, डोक्यावरून. परकर नेसणाऱ्या एवढ्याशा सासूबाईंनासुद्धा. त्या दिवसापासून अक्का मेली. तिचं नाव घरात घ्यायचं नाही. गोठ्यात त्याच नावाची एक म्हैस होती, तिचंही नाव बदललं.

मला हसू फुटलं. सासूबाईही हसल्या. म्हणाल्या, "हस. म्हैस कित्येक दिवस नव्या नावाला ओ देत नव्हती." आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढची गोष्ट थोडकी होती. थोरल्या भावानं पुण्यात चोरून एक मूकपट बघितला होता. मरायच्या आधी त्यानं सासूबाईंना एवढंच सांगितलं, की तळ्याकाठी राणीला कमळ देणारी ती आपली अक्का. ती पुढं कुठं गेली, तिचं काय झालं, कुणाला पत्ता नाही. गावात म्हणायचे, हाल हाल होऊन मेली, रडत मेली. असल्या बायांचं दुसरं काय होणार?

"मला तिचं तोंड आठवत नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "माझी वेणी तीच घालायची. ते हात आठवतात. पण वेणी मागनं घालतात ना. तोंड आठवतच नाही. फोटो तर काय, आमच्याकडं कुणाचाच नव्हता. एकदा बघायचंय मला. बाकी काही नको."

आणि मग लगेच त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "मंगळवारी लेडीज शो आहे. तू येणार माझ्याबरोबर. ह्यांना कळता कामा नये. लग्नात सांगितलंय आमच्या लोकांनी, एकच मुलगी म्हणून. कळलं तर म्हातारपणी माझी अब्रू जाईल, आणि तुला मी माहेरी पाठवीन."

खरं सांगते, मला आधी आनंद झाला तो सिनेमाचा. त्यांचं दुःख मला पोचलं, नाही असं नाही, पण थोडं मागून पोचलं.

लेडीज शो म्हणजे आठवड्यातून एक दुपार सगळं थेटर बायकांचं. बाप्या माणूस फक्त दारावर आणि वर मशीनच्या खोलीत. बायका पोरंबाळं काखेत मारून यायच्या, फडक्यात कडक भाकरी आणि चटणी, कनवटीला शेंगा. आत पोरं रडायची, पंखे कुरकुरायचे, आणि पडद्यावरच्या खलनायकाला बायका तोंडावर शिव्या द्यायच्या. पेठेतली पुरुषमंडळी तिथं भेटण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून आमच्यासारख्यांना तोच एक शो चालण्यासारखा.

सासऱ्यांना सांगितलं, बाळी वेशीत प्रवचन आहे. "जा की," ते म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मलाच कसंतरी झालं.

पण सासूबाई थेटरात कधी गेलेल्याच नव्हत्या. दारावर पोचल्या आणि सवयीनं चपला काढल्या. बाजूला नीट जोडून ठेवल्या. मी म्हटलं, "आई, इथं चपला काढत नाहीत."

"एवढ्या बायका बसतात तिथं चपला घालून जायचं? काही रीत?"

डोअरकीपर तोंड फिरवून हसत होता. आत गेलो. अंधारात शेंगांच्या टरफलांवर त्यांचे अनवाणी पाय पडले मात्र, "अगं आई गं!" करून त्या उलट्या फिरल्या. बाहेर आलो तर चपला जागेवर नाहीत. कुणाच्या तरी पोरानं त्या पार तिकिटाच्या खिडकीपर्यंत लाथाडत नेल्या होत्या. त्या शोधून, घालून आत जाऊन बसेपर्यंत नावं संपली होती. पडद्यावर रंगीत मोटार धावत होती. टांगे नाहीत, राजा नाही, तळं नाही.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. रागानं माझे कान तापले होते. पण आता तिकीट काढलंच आहे तर बघू, म्हणून आम्ही बसलो. आणि सासूबाईंनी सगळा सिनेमा बघितला. नटीनं नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा "मूर्ख!" म्हणाल्या. नटानं तिला फसवलं तेव्हा "मला माहीत होतं" म्हणाल्या. स्टुडिओच्या मालकानं तिला बाहेर काढलं तेव्हा त्यांनी त्याला जे म्हटलं ते मी इथं लिहीत नाही, पण पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून कौतुकानं बघितलं. शेवटी ती नटी एका अंधाऱ्या खोलीत एकटी मरते. थेटरभर हुंदके. एकजण म्हणाली, "असंच होतं बाई ह्यांचं." दुसरी म्हणाली, "व्हायलाच पायजे."

सासूबाई रडल्या नाहीत. परत येताना वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, "आमच्या अक्काचं असंच झालं असेल का गं?"

मी म्हटलं, "अहो आई, सिनेमा आहे तो. रडवल्याशिवाय तिकिटं खपत नाहीत."

त्यांना ते पटलं नाही. घरी येऊन त्यांनी भाताला दोनदा मीठ घातलं, आणि सगळ्यांनी तो तसाच खाल्ला.

पुढच्या मंगळवारी पुन्हा प्रवचन. गड्डा ऐन भरात होता, खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांनी थेटर ओसंडत होतं. आम्ही दारं उघडायच्या आधी जाऊन उभ्या राहिलो. चपला पायात. मधली जागा पकडली. दिवे गेले, सासूबाईंनी माझं मनगट धरलं, आणि पडद्यावर एकदम मोटार धावायला लागली. नावं नाहीतच. काहीच नाही.

माझं डोकंच फिरलं. मध्यंतराची वाट न बघता मी उठले आणि मागचा लोखंडी जिना चढून मशीनच्या खोलीवर गेले. आत ऑपरेटरचाचा बनियनवर बसून बिडी ओढत होते. मला बघून दचकले. बाईमाणूस तिथं कधी येतच नसणार.

"सुरुवातीचा तुकडा कुठं गेला?" मी दारातूनच ओरडले.

"गड्डे की गर्दी है ना बेटी," ते म्हणाले. "मालिक बोले, एक खेल जादा करो. टैम कां से लाना? मैं नावां का टुकडा निकाल दिया. नावां कौन पढता?"

"आम्ही वाचतो!"

"फेंका नहीं मैं, डब्बे में है," ते घाईघाईनं म्हणाले. "गर्दी कम हुई की जोड देता."

"सिनेमा कधी उतरणार?"

"अगले मंगल का लेडीज शो आखरी. फिर उतरता."

म्हणजे एकच दुपार उरली. मग मात्र मी आवाज खाली केला आणि त्यांना सांगितलं, की खाली माझी सासू बसली आहे आणि त्या तुकड्यात तिचं कुणीतरी आहे. कोण ते सांगितलं नाही. चाचांनी बिडी विझवली. "मंगल को आव," म्हणाले. "मैं जोड के रखता."

आणि नेमकं त्या मंगळवारी सासऱ्यांनी पुण्याच्या कापडाच्या दलालांना जेवायला बोलावलं. पुण्याची माणसं, ती एकेक घास चावून, प्रत्येक पदार्थाची चौकशी करत जेवायला लागली. शेंगाची पोळी कशी करता? यात गूळ कोणता? एरवी सासूबाईंना असं कौतुक म्हणजे पर्वणी. त्या दिवशी त्या अशा वाढत होत्या की पाहुण्यांचं "पुरे" तोंडातच राहायचं. ताक तर त्यांनी मागायच्या आधीच वाटीत ओतलं. हात धुवायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "प्रवचन आहे आमचं, निघतो." दलाल सुपारी शोधत होते, तोवर आम्ही बोळाच्या टोकाला होतो.

थेटरात शिरलो आणि समोर शेजारच्या आजी! शेवटचा शो म्हणून परत आलेल्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अय्य! आता प्रवचन हितं भरतंय व्हय?"

आजींना कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत पेठेला कळलं. परत फिरलो असतो तर अजून सावरता आलं असतं, चुकून आलो म्हणता आलं असतं. मी सासूबाईंकडं बघितलं. त्यांनी पदर नीट केला, आजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सरका जरा."

दिवे गेले. पडद्यावर करड्या रंगाची, पावसासारख्या रेघा पडणारी चित्रं धावायला लागली. चाचांनी शब्द पाळला होता. टांगे पळाले. राजानं तलवार उपसली. मग तळं आलं. राणी दगडावर बसलेली, बाजूला सख्या. डावीकडून एक मुलगी आली, हातात कमळ. वाकून तिनं राणीला ते दिलं, सरळ झाली, आणि जाता जाता तिनं थेट आमच्याकडं बघितलं आणि ती हसली. ते काही नाटकी हसणं नव्हतं. तिकडून कॅमेऱ्यामागून कुणीतरी काहीतरी बोललं असावं आणि तिला राहवलं नसावं. दात दिसले, मान मागं गेली. आणि पडद्यावर मोटार आली.

"अक्का!"

सासूबाई उभ्या होत्या. वरच्या मजल्यावरून भाजीवाल्याला हाक मारायचा तो आवाज. "ती माझी अक्का हाय! माझी थोरली बहीण हाय ती, सख्खी!" घरात कधी न वापरलेलं त्यांचं माहेरचं बोलणं बाहेर पडत होतं. मी त्यांचा पदर ओढला, तर त्यांनी माझ्या हातावर फाटकन मारली.

सगळं थेटर वळलं. "कोण? कुठली?" आजी उठून उभ्या राहिल्या. "कमळवाली? ती कमळवाली तुझी बहीण हाय?"

"व्हय!"

"मग आदी सांगायचं न्हाईस? मी नीट बघितलंच न्हाई की!" आणि आजींनी मागं वळून मशीनच्या भोकाकडं तोंड केलं. "ए! वन्स मोर!"

आता सोलापुरात गाण्यांना वन्स मोर व्हायचा, हे काही नवीन नव्हतं. गाणं आवडलं की लोक आरडाओरडा करून रीळ मागं घ्यायला लावायचे. पण नावांच्या पाट्यांना वन्स मोर सोलापुरानं काय, कुणीच दिला नसेल. बायकांनी तो उचलून धरला. "वन्स मोर! वन्स मोर!" पोरं शिट्ट्या मारायला लागली. मोटार अर्ध्यात थांबली, दिवे लागले. वर खडखडाट झाला. बायका जागा सोडून पुढं सरकल्या, काही नुसत्याच सासूबाईंना बघायला आल्या.

दुसऱ्यांदा तळं आलं तेव्हा थेटरात पोरसुद्धा रडत नव्हतं. ती आली, वाकली, कमळ दिलं, आमच्याकडं बघून हसली.

"हसतीय की गं," सासूबाई म्हणाल्या. मला म्हणाल्या, की आजींना, की स्वतःला, ठाऊक नाही. "मला सगळ्यांनी सांगितलं रडत मेली म्हणून. ही तर हसतीय."

वरच्या भोकातून चाचांचा आवाज आला. "अम्मा, और एक बार?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. आणि चाचांनी तिसऱ्यांदा दाखवलं. नंतरचा सिनेमा कुणी धड बघितलाच नाही. पुढच्या-मागच्या रांगांतून सासूबाईंच्या ओटीत शेंगा येत होत्या, आणि नटी अंधाऱ्या खोलीत मरत होती तेव्हा आमच्या रांगेत अक्काचं नाक कुणावर गेलंय याची चर्चा चालली होती.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दलाल गेले होते. सासरे दुकान नोकरांवर टाकून वर येऊन बसले होते, जे ते सणालाही करत नसत. सासूबाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐकलं ते खरं?" सासऱ्यांनी विचारलं.

"खरं."

"एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर लग्न केलं असतं का?"

सासऱ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "वडलांनी केलं नसतं," ते म्हणाले. "माझं काय, मला कुणी विचारलंच नव्हतं." मग म्हणाले, "अजून आहे का तो सिनेमा?"

"उतरला. आज शेवटचा होता."

"हात्तिच्या!" सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "मेहुणी सिनेमात, आणि सगळ्या पेठेनं बघितली, मी सोडून!" ते खरोखरच रुसले. रात्री जेवतानासुद्धा नीट बोलले नाहीत. सासूबाईंनी त्यांना अक्का कशी हसली ते करून दाखवलं, तेव्हा कुठं त्यांनी दुसरी भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आजी हजर. मला वाटलं, आता टोमणे. त्या पाटावर बसल्या, अक्काची सगळी गोष्ट सासूबाईंकडून पहिल्यापासून ऐकून घेतली आणि एकदम म्हणाल्या, "तिच्या नावानं आंगोळ केलीसा न्हवं तुमी? मग आता बारसं करायला पायजे."

"कुणाचं बारसं?"

"अक्काचं! आमच्या गावात एकजण लढाईवर मेला म्हणून सगळं कार्य उरकलं, आणि मग परत आला की तो. अशा मिशा! त्याला पाटावर बसवून पुन्हा बारसं केलं. त्याशिवाय घरात घेतात व्हय? जिवंत माणसाची आंगोळ झाली की पुन्हा नाव ठेवायला लागतंय."

"पण ती कुठं परत आलीय?" सासूबाई म्हणाल्या. "आहे का नाही तेसुद्धा माहीत नाही."

"एवढ्या बायांनी हसताना बघितली न्हवं? मेलेलं माणूस हसतंय व्हय कधी?"

पेठेतल्या सगळ्या सोयरिकी ठरवणाऱ्या आमच्या सासूबाईंनी या तर्कापुढं मान हलवली. तेवढ्यात जिन्यावरून सासऱ्यांचा आवाज आला. ते ऐकत उभे होते. "पाळणा माळ्यावर आहे. काढू का?"

शुक्रवारी बारसं केलं. पाळण्याला झेंडूच्या माळा. आत, बारशाला घालतात तसा, वरवंटा, त्याला झबलं-टोपडं. आजी म्हणाल्या, अक्का एवढी मोठी नटी, तिला जरा नटवा, म्हणून मी टोपड्याला कमळाचं कागदी फूल लावलं. घुगऱ्या शिजल्या. बोलावणं चार घरांना होतं, आल्या थेटरभर बायका. ज्या म्हणाल्या होत्या "असंच होतं बाई ह्यांचं", त्यासुद्धा खण घेऊन आल्या. मला त्यांना दोन शब्द ऐकवायचे होते, पण घरचं कार्य म्हणून गिळले.

नाव आत्यानं ठेवायचं असतं. आजींनी निकाल दिला, आत्या नसली तर धाकट्या बहिणीनं ठेवलं तरी चालतंय. सासूबाई पाळण्यावर वाकल्या. आम्ही सगळ्याजणी मागं हात उगारून तयार. नाव कानात सांगितलं, की "कुर्र" करून ठेवणारीच्या पाठीवर थापा मारायच्या. सासूबाईंच्या पाठीवर हात टाकायची संधी काय रोज येते?

पण त्या वाकूनच राहिल्या. बोलेनात. एक हात पाळण्याच्या दांडीवर. ते नाव त्या आंघोळीनंतर त्यांच्या तोंडातून कधी निघालंच नव्हतं, ना माहेरी, ना सासरी. ओठ हलायचे आणि मिटायचे. कुणीतरी हळूच म्हणालं, "राहू दे, मी ठेवते." आजींनी तिला कोपर मारलं.

मग सासूबाई सरळ उभ्या राहिल्या. कानात सांगायचं त्या विसरल्याच. त्यांनी ते नाव मोठ्यानं, सगळ्या ताकदीनं उच्चारलं. साधंच नाव होतं, त्या काळी गावोगाव असायचं तसलं. आणि आम्ही सगळ्याजणी त्यांच्या पाठीवर तुटून पडलो. आजींची थाप सगळ्यात जोराची. सासूबाई हसत होत्या, रडत होत्या आणि "पुरे गं, मेल्यांनो, पुरे," म्हणत होत्या.

खाली दुकानातून सासऱ्यांनी हाक दिली. "काय ठेवलं नाव? इथं नीट ऐकू आलं नाही!"

ऐकू आलं होतं. नाक्यापर्यंत ऐकू गेलं होतं. पण सासूबाई डोळे पुसत जिन्याच्या तोंडाशी गेल्या, कठड्याला धरून खाली वाकल्या, आणि भरलेल्या दुकानाला त्यांनी आपल्या बहिणीचं नाव परत सांगितलं.